त्या जंगीतलं सिमेंट काढा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरातल्या किल्ल्यांची देखभाल, दुरुस्ती आणि सुशोभीकरण ज्यांच्या हाती आहे त्या सर्व अधिकाऱ्यांना, अभियंत्यांना आणि लोकप्रतिनिधींना,

सविनय नमस्कार.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, बँकेत नोकरी करते. इतिहासाची अभ्यासक नाही, दुर्गसंवर्धन करणाऱ्या कुठल्या संस्थेची सभासदही नाही. भाऊबीजेनंतरच्या शनिवारी आम्ही घरची नऊ माणसं खाडीकाठचा एक किल्ला बघायला गेलो होतो. तिथे जे पाहिलं ते पाहून घरी येऊन गप्प बसणं जमेना, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

किल्ल्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वरून एक नोटीस सुटते, ती टेबलाटेबलांवरून खाली येते आणि शेवटी गेटवर बसणाऱ्या कंत्राटी रखवालदाराची नोकरी जाते. हा माणूस बारा तास उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो. आमच्याशी तो नीट बोलला, स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याने माझ्या भाचीला दिलं. त्याच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. जे ठरवतात त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

आधी आम्ही तिथे का गेलो ते सांगते.

आमच्या सोसायटीत दर दिवाळीला पोरं मातीचा किल्ला करतात. यंदा तो पाण्याच्या टाकीमागे झाला. विटा, फुटक्या लाद्या, वॉचमनकाकांनी कुठूनतरी आणून दिलेली चार पोती आणि कुंड्यांमधली माती. माझा मुलगा चौथीत आहे. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो, त्यामुळे त्या एका वर्षात घरोघरी एक मावळा तयार होतो, हे मुलं असलेल्या प्रत्येकाला माहीत असेल. माती अजून ओली असताना हा पेन्सिल घेऊन तटाला भोकं पाडत बसला होता. ओळीने, एकसारखी, सगळी तिरकी. मी विचारलं, ही भोकं कशाला?

"भोकं काय म्हणतेस आई, जंग्या आहेत त्या."

मग त्याने मला समजावून सांगितलं. तटाच्या आत उभ्या असलेल्या सैनिकाला जंगीतून बाहेरचा माणूस दिसतो, बाहेरच्याला आतला दिसत नाही. बंदुकीची नळी तिथून काढायची. आतून रुंद, बाहेर निमुळती. आणि तिरकी अशासाठी की शत्रू अगदी तटाच्या पायथ्याला येऊन भिडला तरी त्याच्यावर नेम धरता यावा. हे सगळं त्याला त्याच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या बाबांनी शिकवलेलं. बाबा बांधकामावर सुपरवायझर होते. आता वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांनी दगा दिलेला, पण भिंत दिसली की हात लावून बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत.

मावळे मांडून झाले, हळीव उगवून तटावर हिरवं लुसलुशीत झालं, आणि मुलाने विचारलं, "खरी जंगी कधी दाखवणार?"

या प्रश्नाचं उत्तर तुमच्या ताब्यात आहे, आणि ते किती मोलाचं आहे याची तुम्हाला कल्पना नसावी असं मला त्या दिवशी वाटलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आम्हीही घरी पेढे आणले. त्या यादीत ठाणे जिल्ह्यातला एकही किल्ला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण गुडघे गेलेले आजोबा, मधुमेहाची आजी आणि चार वर्षांची भाची घेऊन साल्हेर चढता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातला माहुली घ्या. १६३६ साली निजामशाही वाचवण्याची शेवटची झुंज शहाजीराजांनी त्याच गडावरून दिली. पण तो जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, माथ्याजवळ लोखंडी शिडी. ज्यांचे पाय धड आहेत त्यांचा तो गड आहे.

घोडबंदर, बेलापूर, वसई, हे खाडीकाठचे बुटके किल्ले मात्र सगळ्या घराचे आहेत. रिक्षाने जवळपर्यंत जाता येतं. आजीला नेता येतं, कडेवरच्या पोराला नेता येतं. आणि म्हणूनच इकडच्या बहुतेक मुलांच्या आयुष्यातला पहिला किल्ला हाच असतो. किल्ला म्हणजे काय हे ती इथे शिकतात, रायगड पुढे कधीतरी कॉलेजात असताना होतो. ज्याला तुम्ही कागदावर लहानसं, दुय्यम स्थळ समजत असाल, ते आमच्या घरांसाठी पहिलं आहे.

ठाणे शहराचा स्वतःचा किल्ला तर आम्हाला बघताच येत नाही. तो आज मध्यवर्ती कारागृह आहे. आदल्या रात्री बाबांनी मुलांना त्याची गोष्ट सांगितली. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं, १७७४ मध्ये ते इंग्रजांनी घेतलं. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होते आणि १८१६ मध्ये इथूनच निसटले. एक मोतद्दार त्यांच्या खिडकीखाली घोड्याची देखभाल करता करता गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातूनच त्याने पळून जायचा बेत आत पोचवला, असं त्या काळच्या एका इंग्रज बिशपने लिहून ठेवलं आहे. मुलं श्वास रोखून ऐकत होती. मग बाबांनी १९ एप्रिल १९१० हा दिवस सांगितला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना त्या दिवशी याच तुरुंगात फाशी दिलं. रोज त्या भिंतीवरून आमची रिक्षा जाते आणि आतलं काही दिसत नाही. ते समजण्यासारखं आहे, तुरुंग तो तुरुंग. पण मग जे किल्ले उघडे आहेत, ते तरी नीट उघडे असावेत.

शनिवारी साडेनऊला आम्ही पोचलो. थालीपीठं, दशम्या आणि फराळाचा उरलेला डबा घेऊन. मोठा दरवाजा बंद, त्यातली दिंडीही बंद. रखवालदार म्हणाला, "ताई, बुरुजावर शूटिंग चालू आहे. त्यांची परवानगी आहे. साडेअकराला सोडतो."

लग्नाआधीचं फोटोशूट होतं. मला त्या मुलामुलीबद्दल राग नाही, लग्न एकदाच होतं. पण दिवाळीच्या सुट्टीतल्या शनिवारी सकाळी, जेव्हा शहरातली घरं बाहेर पडतात, तेव्हा अख्खा किल्ला दोन तास एका जोडप्याला देण्याचा निर्णय कोणीतरी सही करून घेतला आहे. आमच्याबरोबर गेटवर आणखी चार कुटुंबं होती. डोंबिवलीहून आलेली, ऐरोलीहून आलेली. त्यातलं एक कुटुंब पाऊण तास थांबून मॉलमध्ये निघून गेलं. जाताना त्यांची मुलगी दरवाज्यावरच्या खिळ्यांना हात लावायचा हट्ट करत होती. दरवाजा रस्सी बांधून अडवलेला होता, तेही जमलं नाही.

थांबायचं तर कुठे? सावली नाही, बाक नाही. शौचालय आहे, नवं आहे, निळ्या लाद्यांचं आहे आणि त्याला कुलूप आहे. किल्ली ठेकेदाराच्या माणसाकडे, तो सोमवारी येणार. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांना तासाभराने जावंच लागतं. त्यांचा चेहरा उतरत चालला तशी मी त्यांना घेऊन मागच्या गावठाणात शिरले. ओसरीवर एक आगरी आजी सुकट निवडत बसल्या होत्या. मी चाचरत विचारलं. त्या उठल्याच. "ये गो बाय, घर आपलाच हाय." सासूबाई आतून आल्या तेव्हा त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा तयार होता. गूळ त्यांना चालत नाही, तरी त्यांनी तो हातात धरून ठेवला.

त्या आजींकडून आम्हाला त्या दिवशीची सगळ्यात चांगली माहिती मिळाली. नळ येण्याआधी गावातल्या बाया किल्ल्यातल्या टाक्यावर पाण्याला जायच्या. कुठल्या पायरीपर्यंत पाणी उतरलं की पावसाला किती दिवस राहिले ते त्यांच्या सासूला कळायचं. हे कुठल्याही फलकावर नाही. आणि फलकाचं म्हणाल तर त्याच्याबद्दल वेगळं लिहायला हवं.

साडेअकराला आत सोडलं तेव्हा मुलाने पहिली गोष्ट केली ती म्हणजे वही काढून फलक उतरवून घेतला. ती वही माझ्यासमोर आहे. त्याच्या अक्षरात, रेघ सोडून: थुंकण्यास मनाई आहे. झाडे तोडण्यास मनाई आहे. अन्न शिजवण्यास मनाई आहे. विनापरवाना चित्रीकरणास मनाई आहे. पाळीव प्राणी आणण्यास मनाई आहे. नावे कोरण्यास मनाई आहे. हुकमावरून. खाली त्याने स्वतःहून एक ओळ घातली आहे: "किल्ला कोणी बांधला?" आणि पुढे जागा रिकामी सोडली आहे.

या मनाया सगळ्या योग्यच आहेत. पण किल्ल्याने येणाऱ्या मुलाशी एवढंच बोलायचं का? खाडीपट्ट्यातल्या या दगडांनी काय काय पाहिलं आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि दोनशे वर्षं हा किनारा त्यांच्याकडे राहिला. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं आलं, घोडबंदर आलं, साष्टी बेट आलं, आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. वसईच्या चर्चमधली एक मोठी घंटा आज नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात आहे. आमच्या नातेवाइकांनी ती कितीदा पाहिली, ती कुठून आली हे त्यांना माहीत नव्हतं. बेलापूरने सिद्दी पाहिले, पोर्तुगीज पाहिले, मराठे पाहिले, १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. बेलाच्या पानांच्या नवसावरून गावाला नाव मिळालं अशी गोष्ट तिथे सांगतात. घोडबंदरला घोड्यांचा व्यापार चालायचा म्हणून ते नाव, असं म्हणतात. यातलं चार ओळी मराठीत लिहिलं असतं, शेजारी किल्ल्याचा साधा नकाशा काढून ही देवडी, इथे पहारेकरी बसत, ही फांजी, हिच्यावरून तटावर फिरत, एवढं दाखवलं असतं, तर आमच्यासारखी पाच घरं तिथे अर्धा तास रमली असती. आता येणारा प्रत्येक जण दहा मिनिटांत सेल्फी काढून निघतो आणि आपण म्हणतो लोकांना इतिहासाची आवड नाही.

पायऱ्यांचं थोडक्यात सांगते. जुन्या दगडी पायऱ्यांवर गुळगुळीत लाद्या बसवल्या आहेत. जुन्या पायरीवर छिन्नीचे खाचे असतात, पाय धरून राहतो. नव्या लादीवर पाय ठरत नाही. बाबा तिसऱ्या पायरीवर घसरले. जावयाने धरलं म्हणून बचावले, गुडघा आठवडाभर सुजून होता. कठडा एकाही बाजूला नाही.

आणि आता ती जंगी.

मुलगा तटाकडे धावत गेला. आतल्या बाजूने भिंतीला हात लावत, एक एक करत शोधत निघाला. थोड्या वेळाने त्याची हाक आली, "आजोबा, इथे जंग्या नाहीत." बाबा हळूहळू तिथवर पोचले. त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला आणि एका जागी थांबले. काळ्या दगडांच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, वहीच्या पानाएवढा करडा, सपाट चौकोन होता. थापीने घोटून गुळगुळीत केलेलं सिमेंट. दोन हातांवर दुसरा. पुढे तिसरा. सगळे एका ओळीत, एका उंचीवर. तिसऱ्याच्या कडेला सिमेंटला चीर गेली होती आणि चिरेतून आतला तिरका उतार बोटभर दिसत होता.

मुलाने त्या चिरेत बोट घातलं. मग त्याने बाबांकडे बघितलं आणि विचारलं, "यांना माहीत नव्हतं का हे काय आहे?"

बाबा काही बोलले नाहीत. उत्तर त्यांना माहीत होतं, ते त्यांनी मला रात्री सांगितलं. कामाचं बिल चौरस मीटरवर असतं. निविदेत लिहिलेलं असतं, "दगडी भिंतीच्या दरजा भरणे." गवंडी परगावाहून आलेला, रोजंदारीवरचा. त्याला फट दिसली तर तो ती भरणार, भोक दिसलं तर तेही भरणार. फट कुठली आणि जंगी कुठली हे सांगायला तिथे जाणता माणूस उभा पाहिजे. तो उभा नव्हता. गवंड्याची यात चूक नाही. चूक त्या माणसाला तिथे न नेमणाऱ्याची आहे.

दुसरं बाबांनी सांगितलं ते सिमेंटचं. हे तट चुन्यात बांधलेले आहेत. बाहेरून दिसतात ते दोन बाजूचे दगड, मध्ये पोटात दगडगोट्यांची आणि चुन्याची भर. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ते पाणी तटाच्या माथ्यावरून पोटात उतरतं आणि चुना त्याला सांध्यांमधून हळूहळू बाहेर सोडतो. भिंत ओली होते, वाळते. तीन-चारशे वर्षं हे असंच चाललं. सांध्यांवर सिमेंट थापलं की बाहेर पडायची वाटच बंद. पाणी आत कोंडतं, आतला चुना भुसभुशीत होतो, भर सुटते आणि तटाला पोट येतं. एका ठिकाणी आम्हाला ते पोट दिसलं. खालचे दगड फुगून बाहेर आलेले, आणि सिमेंटच्या कडेकडेने पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, फुललेला. बाबांनी तो बोटावर घेऊन मुलाला दाखवला. अशी भिंत बरीच वर्षं उभी राहते आणि मग एखाद्या जुलैत रात्रीतून बसते. त्या वेळी पावसाला दोष देऊ नका.

चुना वापरत नाहीत याचं कारणही बाबांना ठाऊक आहे, त्यांनी ते आयुष्यभर पाहिलं. चुना भिजवावा लागतो, मुरवावा लागतो, लावल्यावर सावकाश धरतो. त्याला घाई चालत नाही, आणि आपल्याकडे काम मार्चआधी संपवून बिल काढायचं असतं. तटातून उगवलेल्या पिंपळाचंही तेच. वरवर कोयत्याने छाटलेला होता, खोडाला नवे धुमारे फुटलेले. मूळ दगडात तसंच. दरवर्षी छाटायचा आणि दरवर्षी त्याचं बिल.

येताना दरवाज्यावरचा फ्लेक्स वाचला. सुशोभीकरणाचा दुसरा टप्पा येतो आहे. सेल्फी पॉइंट, खाद्यपदार्थांचे स्टॉल, तटावर रंगीत दिवे. पहिल्या टप्प्यातले दिवे बसवलेले आम्ही पाहिले. प्रत्येक दिव्यासाठी दगडात ड्रिलने चार भोकं पाडली आहेत. जंग्या बुजवल्या आणि त्यांच्याशेजारी दिव्यांसाठी भोकं पाडली, हे एकाच तटावर, हाताच्या अंतरावर दिसतं. दुसऱ्या टप्प्याचा तो फ्लेक्स वाचून मी ठरवलं की आता लिहायचं.

आपण, बघायला येणारे लोक, निर्दोष आहोत असं मला म्हणायचं नाही. बुरुजावर बदामात कोरलेली नावं आमच्यातल्याच कोणाची आहेत. कुरकुऱ्यांची पाकिटं आमच्यातल्याच कोणी टाक्यात टाकली. आम्ही निघताना मुलांनी एक पिशवीभर गोळा करून आणली, आणि कचऱ्याचा डबा नसल्याने ती घरी वर्तकनगरला आणून टाकली. आम्ही आमचं करू. सोसायटीतली बारा घरं महिन्यातून एका रविवारी श्रमदानाला यायला तयार आहेत. पण तटाला हात लावायचा अधिकार आम्हाला नाही आणि नसावा. तो तुमचा आहे, म्हणून मागणं तुमच्याकडे आहे.

बुजवलेल्या जंग्या उघडा. हे काम चुन्याचं बांधकाम जाणणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली, हाताने, सावकाश करा. ड्रिल मशीन लावून दगड फोडून नव्हे. ही पहिली मागणी आहे आणि बाकी एकही मान्य झाली नाही तरी ही व्हावी.

सुशोभीकरणाचा दुसरा टप्पा थांबवा. तटाला पोट आलं आहे तिथे आधी बघा. पुढे जे काम काढाल त्याचा कागद मराठीत दरवाज्यावर लावा: काय करणार, कुठलं साहित्य वापरणार, कोणत्या जाणकाराने पाहून मंजुरी दिली. दगडी तटावर सिमेंट चालणार नाही, ही अट निविदेतच घाला. जंग्या, देवड्या, टाकी, पन्हाळी, सगळ्यांची फोटोसह नोंद काम सुरू होण्याआधी करा, म्हणजे काय बुजलं ते नंतर कळेल तरी. दिवे लावायचेच असतील तर जमिनीवर खांब उभे करून लावा.

शनिवार, रविवार, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत किल्ला पूर्णवेळ सगळ्यांसाठी उघडा ठेवा. फोटोशूटला आठवड्यातले बाकीचे दिवस आहेत.

शौचालयाची किल्ली गेटवर ठेवा. याला निधी लागत नाही, बैठक लागत नाही. उद्या सकाळी होऊ शकतं. दोन बाक आणि पिण्याचं पाणी, तेही फार नाही. लाद्या काढा किंवा त्यांना खाचे पाडा, आणि एका बाजूला तरी हाताला धरायला कठडा द्या, दगडाला न ठोकता उभा राहणारा. म्हातारी माणसं आणि अपंग माणसं हीसुद्धा या किल्ल्याची वारस आहेत.

फलक लावा, खरा इतिहास सांगणारा. आणि गावठाणातल्या चार मुलामुलींना शिकवून सुट्टीच्या दिवशी माहिती सांगायला उभं करा, त्यांना त्याचे पैसे द्या. त्या आगरी आजींच्या घरात नातवंडं आहेत. टाक्याच्या पायऱ्यांची गोष्ट त्यांच्याइतकी चांगली कोणी सांगणार नाही.

या पत्राबरोबर मुलाच्या वहीतल्या त्या पानाची प्रत आणि तीन जंग्यांचे फोटो त्या किल्ल्याची जबाबदारी असलेल्या कार्यालयात नोंदणीकृत टपालाने पाठवते आहे. तिथे कुठला किल्ला ते लिहिलेलं आहे, म्हणजे शोधायला अडचण पडू नये. मला लेखी उत्तर हवं आहे. "आपले पत्र योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आले आहे" असं नको. कोणतं काम कोणत्या महिन्यात, एवढं लिहा.

सोसायटीतला मातीचा किल्ला अजून मोडलेला नाही. तुळशीचं लग्न झालं की मोडतात, पण यंदा मुलाने तो ठेवायला सांगितला आहे. त्यातल्या जंग्या उघड्या आहेत.

१९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या सुट्टीला आम्ही नऊ जण सकाळी साडेनऊला परत येणार आहोत. बाबाही येतील. दिंडी उघडी ठेवा.

आपली,
एक ठाणेकर आई
वर्तकनगर, ठाणे